मामाची गाठ परत का आली

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा बाबा एकच वाक्य बोलले आणि फोन आईच्या हातात दिला. "चाकू लावला नसता तर गाठ उधळली नसती." मामीचा हात थरथरत होता म्हणून मामाच्या ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही तुम्ही केली होतीत, हे मी विसरलेले नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. दुपारी कूलरसमोर बसून वाचा.

बाबा, चाकूने काही उधळलं नाही. मामाच्या मेंदूतल्या या कॅन्सरच्या गाठीला, ग्लायोब्लास्टोमाला, कडाच नसते. एमआरआयमध्ये गाठ लिंबाएवढी दिसते, पण तिच्या पेशी मेंदूच्या तंतूंमधून आधीच पुढे सरकलेल्या असतात. पोटातला गोळा काढताना भोवतालचं थोडं जास्तीचं काढता येतं. मेंदूत तसं केलं तर माणसाची वाचा जाते, हात जातो. म्हणून ही गाठ उलटते ती बहुतेकदा जुन्या जागेपासून २ सेंटिमीटरच्या आतच.

आता आईचा प्रश्न. "सहा आठवडे लाइट दिला, गोळ्या दिल्या, तरी कशी काय आली बाप्पा?"

काटोलच्या शेतातलं ते कुंद्याचं तण आठवा. आजोबा नांगरून घ्यायचे, बाया निंदून जायच्या, रान स्वच्छ. आणि पावसाची पहिली सर आली की त्याच जागी कुंदा हजर, कारण काळ्या मातीत खोलवर मुळीचा तुकडा राहिलेला असायचा. गाठीतही सगळ्या पेशी सारख्या नसतात. बऱ्याचशा नुसती पाती. थोड्या मात्र मुळीसारख्या, स्वतःसारख्या आणखी तयार करणाऱ्या आणि बाकीची गाठही उभी करणाऱ्या. त्यांना कॅन्सरच्या स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी म्हणतात.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी कॅनडातल्या टोरंटोचे संशोधक जॉन डिक यांनी १९९०च्या दशकात दाखवल्या होत्या. त्याच शहरात शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी २००३ मध्ये तशा पेशी मेंदूच्या गाठींत शोधल्या. ओळखीची खूण होती पेशीच्या अंगावरचं सीडी१३३ नावाचं प्रथिन. पुढच्या वर्षी त्यांनी या पेशी उंदरांच्या मेंदूत सोडल्या. खुणेच्या १०० पेशींतून रुग्णाच्या गाठीसारखीच गाठ वाढली. बिनखुणेच्या १ लाख सोडल्या तरी वाढली नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात दिसलं की रेडिएशननंतर, म्हणजे तू म्हणतेस त्या लाइटनंतर, उरलेल्या पेशींत खुणेवाल्यांचं प्रमाण वाढतं, कारण डीएनएची मोडतोड त्या लवकर दुरुस्त करतात. आई, तुझ्या प्रश्नाचं मोठं उत्तर इथे आहे.

मग त्या मुळ्याच का नाही उपटत? कारण ती खूण पुरती भरवशाची निघाली नाही. पुढे बिनखुणेच्या पेशींतूनही काही वेळा गाठी वाढल्या. शिवाय साधी पेशी परत मूळपेशीसारखी वागू लागते. पात्याची मुळी झालेली आपल्या शेतात कुणी पाहिली आहे का? इथे होते. कुंद्याचा दाखला इथपर्यंतच चालतो.

बाबा, तुम्ही आकडा विचारलात आणि मी टाळलं होतं. २००५ च्या मोठ्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपलीकडे जगले; सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यावर ते १४.६ झालं. अडीच महिने. मामाने तेवढ्यात नातीचं बारसं पाहिलं, पाळण्याची दोरीही ओढली. तुमच्या सहीने ते मिळालं, असं मी धरते.

आणि आई, तू पाठवलेली ती 'स्टेम सेल टोचून कॅन्सर बरा' वाली जाहिरात. नाव तेच, पण त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. मेंदूची गाठ अशा टोचण्याने बरी होते याला पुरावा नाही. मामीला एक पैसाही भरू देऊ नका. एफडी मोडायचा विषय निघाला तर आधी मला फोन करा.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी घरी. मामा पहाटे उठून तर्री पोहे मागतो म्हणे. ती स्टेरॉइडची भूक आहे. शुगर तपासून घ्या, तर्री थोडी कमी घाला, पण द्या त्याला.

तुमची,
मनू