परत येताना पैसे तिथेच का सोडायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी कसं जायचं यावर पेपरांत भरपूर छापून येतं, व्हिसा, कोर्स, इंटरव्ह्यू, अगदी बॅगेत काय भरायचं इथपर्यंत. परत निघताना काय करायचं यावर मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही, आणि खरी गळती तिथेच होते. मुलं जपानमध्ये, जर्मनीत चार-पाच वर्षं नोकरी करतात, दर महिन्याला पगारातून पेन्शनचे पैसे कापले जातात, मग परत येतात किंवा तिसऱ्याच देशात जातात आणि ते पैसे तिथेच पडून राहतात. विचारलं की ठरलेलं उत्तर, अरे ते सरकारजमा झाले, आता कसले मिळतायत. मिळतात हो. सगळीकडे नाही, सगळे नाही, पण मिळतात, फक्त मागावे लागतात आणि मागायची वेळ ठरलेली असते.

त्या वेळेतच लोकांचा घोळ होतो. जपानमध्ये तुमचा तिथला पत्ता बंद झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे, नाहीतर हक्क गेला. जर्मनीत बरोब्बर उलटं, तिथला सक्तीचा पेन्शन विमा संपून २४ महिने झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही. म्हणजे जर्मनीवाल्या मित्राचं ऐकून जपानवाला दोन वर्षं शांत बसला तर संपलंच, आणि जपानवाल्याचं ऐकून जर्मनीवाल्याने घाईघाईने अर्ज टाकला तर नुसताच नकार येणार. ऐकीव सल्ल्यावर चालायचा हा विषय नाही, तरी आपल्याकडे नव्वद टक्के कारभार व्हॉट्सअॅप ग्रुपवरच चालतो.

जपानचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथे रक्कम मोठी असते. नेन्किन, म्हणजे तिथली पेन्शन, किमान सहा महिने भरलेली असली आणि तुम्ही जपानी नागरिक नसलात तर देश सोडल्यावर एकरकमी पैसे मागता येतात. निघण्याआधी सिटी ऑफिसात जाऊन पत्ता बंद केल्याची नोंद करायची, ती राहिली तर कागदावर तुम्ही अजून तिथलेच रहिवासी आणि अर्ज चालत नाही. आता आकडा बघा. सरासरी पगार महिना ३ लाख येन आणि ३६ महिने भरलेत असं धरा, तर तेवढ्या महिन्यांसाठी सरासरी पगाराला लावायचा गुणक ३.३, म्हणजे ९ लाख ९० हजार येन. पण हातात येतात ७ लाख ८७ हजारच्या आसपास, कारण त्यातून २०.४२ टक्के टॅक्स आधीच कापला जातो (२० टक्के टॅक्स आणि त्यावर २०११च्या भूकंपानंतर लावलेला पुनर्बांधणीचा अधिभार). बहुतेक जण इथेच खूश होऊन थांबतात. पण हे कापलेले २ लाख येनसुद्धा परत मागता येतात आणि बऱ्याचदा पूर्ण मिळतात! त्यासाठी जपानमध्ये राहणारा एक माणूस टॅक्स प्रतिनिधी म्हणून नेमून तसं टॅक्स ऑफिसला कळवावं लागतं. तो वकील किंवा सीए असायची गरज नाही, ऑफिसमधला भरवशाचा मित्रसुद्धा चालतो. पैसे मंजूर झाल्याचं जे पत्र येतं त्याची मूळ प्रत त्याला पाठवायची, तो रिटर्न भरतो, पैसे त्याच्या तिथल्या खात्यात येतात आणि तो तुम्हाला पाठवतो. याला पाच वर्षांची मुदत आहे. मित्र तिथे असतानाच, निघायच्या आधी हे कागद करून घेतले तर सोपं पडतं, नंतर इथून कुरिअर करत बसण्यात काही अर्थ नाही.

नावाचाही एक त्रास आहे, आपल्या लोकांना हमखास होणारा. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर, लग्न झालेलं असेल तर आडनावच वेगळं. अर्जावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही की पैसे अडकतात. हे आधीच तपासा.

पण सरसकट पैसे काढा असंही मी म्हणत नाहीये. ही एकरकमी रक्कम जास्तीत जास्त ६० महिन्यांचीच मिळते (एप्रिल २०२१ आधी तर ३६च होती), सात वर्षं भरलेत तरी पाचच वर्षांचे मिळणार, आणि एकदा पैसे घेतले की मागची सगळी वर्षं रेकॉर्डवरून पुसली जातात. तिथली पेन्शन मिळायला दहा वर्षं लागतात, आणि भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्यामुळे पात्रतेसाठी इथली पीएफची वर्षं त्यात धरता येतात. म्हणजे सहा-सात वर्षं तिथे आणि पुढे इथे नोकरी करणाऱ्याने आज गाडीच्या डाउन पेमेंटसाठी ते पैसे घेतले तर म्हातारपणीची येनमधली पेन्शन घालवली. दोन-तीन वर्षांत परतणाऱ्याला मात्र काढून घेणंच बहुधा बरं, तो परत जाणार नसेल तर.

जर्मनीत पगाराच्या १८.६ टक्के पेन्शनला जातात, निम्मे तुमचे, निम्मे कंपनीचे. परत मिळतो फक्त तुमचा वाटा, व्याज नाही. तेही पाच वर्षांपेक्षा कमी भरलं असेल आणि तुम्ही युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असाल तर. जर्मनीतून उठून नेदरलँड्सला गेलात तर विसरा. पण वर्षाच्या मधेच जर्मनी सोडली असेल तर इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून बघाच, कारण पगारातून टॅक्स कापताना वर्षभर तेवढाच पगार मिळणार असं धरलेलं असतं. सक्ती नसली तरी चार वर्षं मागचं रिटर्न भरता येतं.

अमेरिकेचं नाव घेतलं की वाईट वाटतं. तिथे सोशल सिक्युरिटीला, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनला, ६.२ टक्के कापतात, हक्क लागायला ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षं काम लागतं, आणि भारताशी त्यांचा करारच नाही. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, सहा वर्षं घालून परतलेल्याला यातलं काही मिळत नाही. अपवाद विद्यार्थ्यांचा. एफ-१ व्हिसावर सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षं हा कर लागतच नाही, ओपीटीवर (शिक्षणाला जोडून मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) काम करत असलात तरी, पण कित्येक कंपन्यांचं पेरोल तो सरळ कापून मोकळं होतं. डब्ल्यू-२, म्हणजे कंपनी दरवर्षी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा फॉर्म, काढून चौथा आणि सहावा रकाना बघा. तिथे आकडा असेल तर आधी कंपनीकडे मागा, तिने नाही दिलं तर फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६ भरून टॅक्स खात्याकडे. मुलं परत येऊन नोकरीला लागतात आणि तो डब्ल्यू-२ पुन्हा उघडूनही बघत नाहीत.

कंपनीनेच डेप्युटेशनवर पाठवलं असेल तर निघायच्या आधी एचआरला एक प्रश्न विचारा, माझं कव्हरेज सर्टिफिकेट काढलंय का. ज्या देशांशी आपला करार आहे तिथे ईपीएफओचं हे सर्टिफिकेट दाखवलं की ठरावीक काळापर्यंत तिथलं पेन्शन भरावंच लागत नाही, इथला पीएफ चालू राहतो, म्हणजे रिफंडची भानगडच नको. हे एचआरने स्वतःहून सांगायला हवं, पण सांगत नाहीत.

आता एजंट. रिफंड मिळवून देतो म्हणून आलेल्या रकमेतला टक्का घेणारे बरेच आहेत. सगळे फसवे नाहीत, ज्याला वेळ नाही त्याने जरूर द्यावेत पैसे. पण फॉर्म सरकारी साइटवर फुकट मिळतात, जपानचा तर इंग्रजीतही आहे. पासपोर्टची कॉपी, पेन्शन नंबर, बँकेचा कागद, एवढ्यासाठी टक्का कशाला? आणि टक्का ठरवताना तो टॅक्स कापून आलेल्या रकमेवर की पूर्ण रकमेवर ते लेखी घ्या.

तर संपादक साहेब, परदेशी शिक्षणाच्या पुरवणीत एक चौकट परतणाऱ्यांसाठीही ठेवा. देश, मुदत कधी सुरू होते आणि कधी संपते, निघण्याआधी कुठल्या ऑफिसात जायचं, एवढे तीन रकाने पुरे.

आपला,
एक नियमित वाचक