'नकळत दारू सोडवा' ही जाहिरात बंद करा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी चौकट बरीच वर्षं येते आहे. ती कापून पर्समध्ये जपून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आमच्या घरानेही दारू सोसली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या ओळखीतल्या एकीने त्या नंबरावरून पुड्या मागवल्या. चहात, आमटीत कालवा, चव लागत नाही, असं तिला फोनवर सांगितलं. आत काय आहे ते पाकिटावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा पुडीत डायसल्फिरम असेल तर तो जिवाशी खेळ आहे. हे दारू सोडवण्यासाठीचं खरंखुरं औषध आहे, 1948 पासून डॉक्टरांना माहीत असलेलं. दारू पचताना शरीरात जे विषारी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते या गोळीमुळे साचून राहतं. मग थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच डॉक्टर ती सगळं समजावून, रुग्णाच्या संमतीनेच देतात. ज्याला आमटीतून मिळाली तो बिचारा संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जातो.

आणि समजा जीव वाचला, तरी घर वाचत नाही. ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवसापासून तो समोरच्या ताटाकडे संशयाने बघतो. मुळात विश्वास उरलेलाच नसतो. पगार लपवून झालेला असतो, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा मोडून झालेल्या असतात. माझ्या यजमानांनाही डॉक्टरांनी हीच गोळी दिली होती. रोज सकाळी माझ्या नि सासूबाईंच्या समोर ते ती स्वतःच्या हाताने घ्यायचे. तेवढं झालं की दिवसभर कुणी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा नाही, खिसे तपासायचे नाहीत, हे आमचं ठरलं होतं. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते तिथून.

आणखी एक धोका सांगायला हवा. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडणारी घरं आहेत. दोन-तीन दिवसांत कंप, फिट, भास सुरू होऊ शकतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

पुड्या मागवणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. 'तुलाच सांभाळता आलं नाही' हे तिने माहेरी-सासरी दोन्हीकडे ऐकलेलं असतं. तिची झोप उडालेली असते. मुलं जिन्यातल्या पावलांवरून आज बाबा कसे आलेत ते ओळखतात आणि गप्प होतात. उपचार या सगळ्यांना लागतात. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. अल-अनॉनच्या सभा खास नातेवाइकांसाठी असतात. तिथे फी नाही, ओळख गुप्त राहते आणि घरातला माणूस अजून पीत असला तरी जाता येतं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या नंबरावर मराठीत मोकळं बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गावाकडच्या कितीजणींपर्यंत हे पोचलं आहे?

माझी मागणी एवढीच. ती चौकट छापणं बंद करा. उत्पन्न बुडेल, याची मला जाणीव आहे. आणि त्या जागी आठवड्यातून एकदा जिल्ह्यातल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) आणि अल-अनॉनच्या सभांचा वार, वेळ आणि ठिकाण छापा. वेळ मात्र नीट खात्री करून द्यावी. गावाहून येणारीला सभा आटोपून शेवटची एसटी गाठायची असते.

आपली,
एक वाचक, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)