ती वाट राजाने दिलेली नाही

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लंडन फिरायला जाणाऱ्यांसाठी पानभर लेख होता तो वाचला. मी सध्या लेकीकडे टेम्सच्या काठी मुक्कामाला आहे त्यामुळे पेपर मोबाईलवरच वाचते, शब्दकोडं तसं सोडवायला मजा येत नाही पण ते जाऊ दे. लेख चांगलाच होता, फोटो तर फारच छान, फक्त रिचमंड पार्कबद्दल त्यात असं काहीतरी होतं की राजाने आपली शिकारीची जागा मोठ्या मनाने प्रजेला फिरायला दिली, आणि ते वाचून माझा चहा गार झाला. म्हणून लिहितेय.

अहो राजाने दिली कुठे, राजाने घेतली! पहिला चार्ल्स, १६२५ साली लंडनमध्ये प्लेग आला म्हणून दरबार घेऊन रिचमंडला येऊन राहिला, तिथे त्याला शिकारीचा नाद होताच, मग हरणं सोडली आणि १६३७ मध्ये आजूबाजूची शेतं, कुरणं, गावाची सामाईक जमीन सगळं धरून आठेक मैलांची विटांची भिंत घालून टाकली. अडीच हजार एकर जागा! लोक भडकले, तेव्हा पायी येण्याजाण्याची आणि सरपण गोळा करायची मुभा त्याला ठेवावी लागली. म्हणजे जी वाट आधीपासून लोकांचीच होती ती त्यांना परत दिली, एवढाच काय तो मोठेपणा.

आणि तीही टिकली नाही. पुढे १७५१ मध्ये दुसऱ्या जॉर्जची मुलगी प्रिन्सेस अमेलिया या पार्कची रेंजर, म्हणजे देखरेख करणारी, झाली आणि तिने फाटकं बंद करून ओळखीपाळखीच्या लोकांना तिकिटं द्यायला सुरुवात केली, बाकीच्यांनी भिंतीबाहेरून जायचं. इथे आपला हिरो येतो. जॉन लुईस नावाचा रिचमंडमधला बिअर गाळणारा धंदेवाईक माणूस (त्याच नावाचं मोठं दुकान आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही). हा १७५५ मध्ये एका गाडीच्या मागोमाग फाटकाशी गेला आणि राखणदार बाईने तिकीट मागितल्यावर म्हणाला, तिकीट कसलं, ही तर सगळ्यांची वाट आहे. तिने त्याच्या तोंडावर फाटक लावलं. त्याला हेच हवं होतं, साक्षीला मित्र बरोबर घेऊनच गेला होता! मग केस. तीन वर्षांनी, १७५८ मध्ये किंग्स्टनच्या कोर्टात राजाच्या मुलीविरुद्ध तो जिंकला.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. जजने, सर मायकेल फॉस्टर त्यांचं नाव, त्याला विचारलं की भिंतीत दार करून हवंय की वरून चढून जायला शिडी? लुईस म्हणाला शिडी. का, तर दाराला कडी लागते, दार बंद करता येतं, आणि कुणी उघडं टाकलं की हरणं बाहेर पडणार मग त्याचं निमित्त होणार. शिडीला कुलूप कसं लावणार? बघा डोकं! मग शिड्या झाल्या पण पायऱ्या मुद्दाम इतक्या लांब लांब ठेवल्या की लहान मुलं आणि म्हातारे चढूच शकत नव्हते, हा परत कोर्टात. जज म्हणाले की हो मीही पाहिलंय ते, आता अशी करून घ्या की मुलं आणि म्हातारेच काय, म्हाताऱ्या बायकासुद्धा चढतील. माझे गुडघे गेलेत, वय सहासष्ट, त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. या लुईसची उतारवयात पैशाची फार ओढाताण झाली तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला वर्षासन बांधून दिलं म्हणे.

आज त्याच पार्कची चालायची फाटकं दिवसरात्र उघडी असतात. गाड्यांची संध्याकाळी बंद होतात, माणसांची नाही. फक्त नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम चालतं तेव्हा रात्री बंद. तिकीट नाही, पास नाही. आत सहाशेच्या वर हरणं, पन्नास मीटर लांब राहा असे बोर्ड लावलेले. झाडं नीट बघितली तर एक गंमत दिसते. सगळ्या ओकच्या खालच्या फांद्या एकाच उंचीवर सपाट कापल्यासारख्या, जणू कुणी फूटपट्टी लावून कात्री चालवली. माळ्याचं काम नाही ते, हरणाची मान जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत पाला साफ. काही ओक सातशे वर्षांचे आहेत, आतून पार पोकळ, एकाच्या ढोलीत माझी नात बसली आणि बाहेर यायलाच तयार नाही.

आता वाचकांना कामाचं सांगते कारण लेखात फक्त टॅक्सी आणि बस होती. रिचमंड स्टेशनला उतरा, टेकडी चढा (दम लागतो, मधे बाकं आहेत). वरून नदीचं जे वळण दिसतं त्या देखाव्यासाठी १९०२ मध्ये पार्लमेंटने खास कायदा केला, की खालच्या कुरणांवर कुणी घरं बांधायची नाहीत. देखाव्यासाठी कायदा! मग फाटकातून आत पेम्ब्रोक लॉज, इथे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आजोबांकडे वाढला आणि आजोबा पंतप्रधान होते, आता तिथे चहा मिळतो. शेजारी किंग हेन्रीज माउंड नावाचा उंचवटा, तिथल्या दुर्बिणीतून कुंपणातल्या भोकातून दहा मैलांवरचा सेंट पॉल्स चर्चचा घुमट दिसतो, आणि मधे आड येईल अशी इमारत बांधायला बंदी. आठवा हेन्री राजा इथे उभा राहून आपली राणी अॅन बोलिन हिला मारल्याच्या खुणेची वाट बघत होता अशी दंतकथा सांगतात, ती सोडून द्या, तो त्या रात्री विल्टशरला होता. मग उतरून पीटरशॅमच्या बाजूला बाहेर पडा, चर्चच्या आवारात कॅप्टन व्हँकूव्हरची साधीशी कबर आहे ज्याच्या नावाचं कॅनडातलं शहर, आणि पुढे गायी चरतात त्या कुरणातून थेट नदीवर.

इथे माझी फजिती झाली ती सांगते म्हणजे दुसऱ्याची होणार नाही. आम्ही दोघी काठावरच्या बाकावर बसलो, डबा काढला, समुद्र इथून कुठच्या कुठे त्यामुळे डोक्यातच नाही. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. टेम्सला टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत भरती येते आणि हा पट्टा त्याच्या खालचा, म्हणजे उधाण आलं की नदी काठ सोडते. लाट नाही, आवाज नाही, काही नाही, गवतातून नुसतं पाणी वर यायला लागलं आणि तेही आमच्या पुढून नाही, मागून, कारण मागची वाट जास्त सखल. मी वळून पाहिलं तर ज्या वाटेने आलो तिच्यावरून एक बदक पोहत चाललेलं. लेक म्हणाली आई थांब उतरेल, पण माझा धीर कुठला, बूट हातात, साडी गुडघ्यापर्यंत आणि निघाले, पाणी असलं थंड की गुडघेदुखी विसरले. तेवढ्यात गमबूट घातलेली एक आजी कुत्रा घेऊन समोरून आली, गुड मॉर्निंग म्हणाली आणि पाण्यातून तशीच निघून गेली. तेव्हा निघायच्या आधी मोबाईलवर भरतीची वेळ बघा.

हीच काठाकाठाची वाट म्हणजे टेम्स पाथ, नदीच्या उगमापासून लंडनमधल्या पुराच्या बॅरियरपर्यंत १८४ मैल, १९९६ मध्ये सुरू झाली. तिची एक गोष्ट मला आधी कळेना, ती मधेच या काठावरून त्या काठावर का जाते? तर पूर्वी घोडे काठावरून चालत दोराने होड्या ओढायचे आणि ज्या जमीनदाराने आपल्या काठावरून वाट दिली नाही तिथे घोडे नावेतून पलीकडे न्यायचे. पुढे त्या नावा बंद पडल्या आणि वाट तुटली, मग चालणाऱ्यांसाठी नवे पूल बांधावे लागले, हर्लीजवळचा टेम्पल फूटब्रिज १९८९ चा आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कोण नाही म्हणाला ते आजही नकाशावर दिसतं!

गावाकडे गेलं की याहून नवल. जावयाने एकदा शेतातून नेलं, उभ्या गव्हातून मधोमध मीटरभर रुंदीची पट्टी मोकळी आणि कडेच्या खांबावर पिवळा बाण. मी म्हटलं अरे कुणाच्या रानात घुसवतोयस, शिव्या खायला लावशील. तो म्हणाला आई ही पब्लिक फूटपाथ आहे, पिवळा बाण म्हणजे चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. शेतकऱ्याने नांगरलं तरी ठरलेल्या दिवसांत वाट परत करून द्यावी लागते, आणि वाट असलेल्या रानात दुधाळ जातीचा मोठा बैल मोकळा सोडायला बंदी, कारण ते बैल जास्त मारके. बांधावर किसिंग गेट नावाचं फाटक असतं, माणूस आत शिरून वळून बाहेर पडतो पण गाय अडकते. मी पाठीवरच्या सॅकसकट अडकले, तो भाग लिहीत नाही.

तर या सगळ्या वाटा कुठून आल्या? बहुतेक नुसत्या चालण्याने. वीस वर्षं लोक उघडपणे, कुणाला न विचारता चालत राहिले आणि मालकाने अडवलं नाही तर ती वाट लोकांची धरली जाते. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात, आणि हा शब्द ज्याच्या घरात जमिनीची भांडणं झाली त्याला समजावून सांगायला नको. १९४९ च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर चढवायला लावल्या. मोकळ्या माळांवर आणि डोंगरांवर हिंडायचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने आला, आणि त्याच्या आधी १९३२ मध्ये किंडर स्काउट डोंगरावर याच हक्कासाठी मुद्दाम घुसलेल्या कामगार पोरांपैकी पाच जण तुरुंगात जाऊन आले होते.

अगदी ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनहाइमसारख्या जहागिरीतही हेच. कॅपॅबिलिटी ब्राउन या बागा आखणाऱ्याने नदी अडवून तिथे तलाव केला, महाल आणि बाग बघायला तगडं तिकीट आहे, पण पार्काच्या उत्तर भागातून जुना रोमन रस्ता जातो आणि त्या पायवाटेने फुकट चालता येतं. तिकीट काढून आत गेलेल्यांना हे कुणी सांगत नाही, आम्हालाही नंतर कळलं.

तेव्हा साहेब, पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा एवढीच विनंती. राजाचं नाव काढून तिथे जॉन लुईसचं घाला. आणि जागा उरली तर वाचकांना वॉटरप्रूफ बूट न्यायला सांगा, माझे अजून हीटरवर वाळतायत.

आपली,
एक जुनी वाचक