दादाच्या लायसन्सबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्यावर बंद झालेलं लायसन्स सुटून दादाला परत गाडी चालवायला मिळतेय हे खरं, पण पूर्वीसारखी नाही. फोनवर आई रडते आणि बाबा विषयच बदलतात, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

इथे कॅलिफोर्नियात रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. भारतात ती ३० आहे. एवढ्या सैल नियमातही तो बसला नाही, तेव्हा बाबा, मी त्याची बाजू घेतेय असं समजू नका.

लायसन्स बंद झाल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे ३० दिवस गाडीला हात लावायचा नाही, मग फक्त कामावर आणि दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठीच्या क्लासला जायची परवानगी. पण तो राहतो ट्रेसी गावात, नोकरी सॅन होजेला, मुलांची शाळा, वाणसामान, सगळं गाडीवर. म्हणून त्याने दुसरी वाट धरली, इंटरलॉक. गाडीत श्वासातली दारू तपासणारं यंत्र बसवतात, त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. वाटेतही ते मध्येच वाजतं, की पुन्हा फुंकायचं. यंत्र असेल तर कुठेही जाता येतं, पण यंत्र नसलेली गाडी चालवायची नाही. त्यामुळे माझी गाडीही त्याला बंद. माउथवॉशनेसुद्धा यंत्र अडतं, म्हणून वहिनीने घरातली बाटली फेकून दिली. (ती बिचारी सगळ्यात जास्त भोगतेय, तिला कोणी विचारतच नाही.)

यासाठी आधी क्लासला नाव घालावं लागलं, विमा कंपनीचं एसआर-२२, म्हणजे विमा असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागलं, वर फी. एसआर-२२ तीन वर्षं चालू ठेवायचं आणि त्यात विम्याचा हप्ताही चढलाय. पैसे पाठवायचं मनातही आणू नका, त्याला स्वतःलाच भरू देत.

आई, आता तुझं. मिनूच्या लग्नाला ये म्हणून त्याच्या मागे लागू नकोस. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं की अमेरिकन सरकार व्हिसा रद्द करू शकतं. इथे राहायला, काम करायला अडचण नसते, पण एकदा बाहेर पडला की परत यायला पासपोर्टवर व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग, त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरची तपासणी. तेवढे दिवस तिकडेच अडकला तर नोकरीचं काय? नातेवाइकांना रजा मिळाली नाही म्हणून सांग.

आणि बाबा, तुम्ही एसटीत आयुष्य काढलंत, प्यायलेल्या ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसू दिलं नाहीत, तुमचा राग मला कळतो. पण रागवायचं तर त्याच्यावरच रागवा, माझ्याकडे निरोप नकोत. फक्त तुमच्या नेहमीच्या संध्याकाळच्या वेळेला नको, तेव्हा तो कामावर जायला गाडीत असतो. सकाळी चहा झाल्यावर नऊला फोन लावा. इथे रात्र असते, तो घरीच असतो.

तुमची
ताई