पाच हजार नगांची ऑर्डर

सोलापूर

प्रिय पैलवान,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून चिडला असशील. चीड, पण उत्तर लगेच दे. आम्ही ठीक, आईचे गुडघे तसेच.

पुण्याच्या एका ठोक व्यापाऱ्याने पाच हजार टॉवेल मागितलेत. हॉटेलांसाठी, ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन), सगळे मरून, उधारी ९० दिवस. आण्णा म्हणतात घ्यायचीच. माझी झोप उडाली आहे.

हिशेब बघ. नग साधारण ५२० ग्रॅमचा, म्हणजे २६०० किलो माल. पाच-सहा टक्के वाया धरलं तर सूत पावणेतीन टन, तेही रोखीत. आठ माग लावले आणि एका मागावर पाळीला तीस नग धरले, तरी एकवीस-बावीस दिवस ते माग अडकले. नेमके सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या तोंडावर! बार्शी-लातूरचे आपले दुकानदार दोनशे-तीनशेच नग नेतात, पण पंधरा दिवसांत पैसे देतात. त्यांना एकदा माल नाही म्हटलं की ते दुसऱ्या दारात.

मामांच्या दुकानात तू म्हणाला होतास, मोठं गिऱ्हाईक शेवटी मालक होतं. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! मला ते अजून पुरतं पटत नाही. माग चालू राहिले तर कामगारांच्या हातात आठवड्याला पैसे पडतात, हेही खरंच ना?

खरी भीती रंगाची. पाईलचं, म्हणजे टॉवेलवरच्या फासांचं, सूत एका वेळी मशीनमध्ये मावेल तेवढंच रंगतं, म्हणजे लॉट अनेक. दोन लॉटचा मरून ट्यूबलाइटखाली एकच दिसतो, उन्हात फरक उघडा पडतो. एका खोलीत दोन छटा गेल्या की माल परत. म्हणून बीमपासून (ताण्याचं सूत गुंडाळतो त्या रुळापासून) गठ्ठ्याच्या चिठ्ठीपर्यंत लॉट नंबर, आणि एका खोक्यात एकच लॉट. नमुना धुऊन, वाळवून, वजन करून मगच दोघांच्या सह्या. जीएसएम धुण्याआधीचा की नंतरचा, पाच टक्के कमी-जास्त चालेल की नाही, हे ऑर्डरवर लिहून घ्यायलाच हवं. (तुझ्या लग्नातले टॉवेल अजून विरले नाहीत म्हणे वहिनी. तसले टिकाऊ विणले तर पुन्हा ऑर्डरच यायची नाही!)

पैशांचं मी असं ठरवलंय: सुताच्या बिलाएवढी आगाऊ रक्कम, हजार-हजारचे पाच टप्पे, पहिल्याचे पैसे आल्याशिवाय तिसरा गाडीत चढणार नाही. ९० दिवस तर नाहीच. आपली लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी आहे, आणि २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही, करार नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आण्णा म्हणतात, व्याज मागितलं की पुढची ऑर्डर गेली. तेही खोटं नाही.

धाकट्याची दहावी ना यंदा? त्याला आशीर्वाद. इचलकरंजीत विजेचं कसं आहे ते कळव.

व्यापारी शनिवारी येतोय. तुझ्या ऑर्डर-फॉर्मची प्रत त्याआधी पाठव, विशेषतः परत आलेल्या मालाचं भाडं कुणाकडे ते तू कसं लिहितोस, ते.

तुझा,
बापू