चि. मनूस, विम्बल्डन फायनलच्या दुसऱ्या दिवशी

मिरज, 14 जुलै 2025

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पावणेबाराला फोन हातात घेतला होता, पण सकाळी तुझं सबमिशन, म्हणून ठेवून दिला. फोनवर हे सगळं नीट सांगता आलंही नसतं. विम्बल्डनच्या टेनिस फायनलला अल्काराझला हरवून आपला सिनर जिंकला गं! पहिला सेट 4-6 गेला आणि पुढचे तिन्ही त्याने 6-4, 6-4, 6-4 घेतले. विम्बल्डनची एकेरी जिंकणारा तो पहिला इटालियन.

8 जूनची रात्र आठव. तू सुट्टीला घरी होतीस, पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, फायनल आपण जेवता जेवता बघत होतो, हेच दोघे. सिनर दोन सेट जिंकलेला, चौथ्यात 5-3 पुढे, सर्व्हिस अल्काराझची आणि 0-40. तीन मॅच पॉइंट हातात. ‘संपलं’ म्हणून तू ताटं उचललीस. भांडी आवरून हात पुसत बाहेर आलीस, तर खेळ चालूच! तिन्ही पॉइंट गेले होते, सिनरची स्वतःची सर्व्हिसही गेली होती. मग 6-6 झाल्यावरचा टायब्रेक, मग पाचवा सेट, आणि शेवटच्या टायब्रेकमध्ये अल्काराझने त्याला 10-2 असं धुतलं. 5 तास 29 मिनिटं. फ्रेंच ओपनची एवढी लांबलेली फायनल आजवर झाली नव्हती. बारा वाजून गेले होते. उशी काखेत घेऊन तू दारातून म्हणालीस, ‘आई, हा आता उठत नाही.’

मी काही बोलले नाही, कारण मला तेव्हा याना नोव्होत्ना दिसत होती, माझ्या लहानपणची टेनिसपटू.

1993 साली मी अकरावीत होते. आप्पांचा तो शटरचा टीव्ही, त्यावर दूरदर्शनची विम्बल्डन फायनल. समोर स्टेफी ग्राफ. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा यानाने 6-1 घेतला, आणि तिसऱ्यात 4-1 पुढे, सर्व्हिस तिची, 40-30. एक पॉइंट मिळाला की 5-1. तिथे लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकल्या, डबल फॉल्ट झाला. त्यानंतर तिला एकही गेम मिळाला नाही. आप्पांना बघवेना, त्यांनी उठून शटर ओढून घेतलं. मी पुन्हा सरकवलं, तर ती केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. राजघराण्यातली ती बाई तिला जवळ घेऊन उभी होती.

यानाचं नाव निघालं की लोकांना तेवढंच आठवतं. ती दबावाखाली कोसळली म्हणतात. मला याचा फार राग येतो, मनू. ग्राफला 4-1 अशी मागे टाकणारीही तीच होती ना? 1997 ला ती पुन्हा फायनलला आली, पुन्हा हरली. 1998 ला जिंकली आणि त्याच डचेसच्या हातून चांदीची थाळी घेतली. तो सामना माझ्याशिवाय कुणाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. 2017 मध्ये ती गेली, 49 वर्षांची होती. आज मी तेवढीच आहे.

म्हणून पॅरिसनंतर मी सिनरच्या मागेच लागले म्हण. नंतर वाचलं, त्या रात्री त्याने जिंकलेले पॉइंट होते 193 आणि अल्काराझचे 192. एक जास्त जिंकूनही हरला! भाषणात म्हणाला, आज झोप काही नीट लागणार नाही, पण ठीक आहे.

विम्बल्डन त्याला सरळ गेलं असं समजू नकोस. चौथ्या फेरीत दिमित्रोवने पहिले दोन्ही सेट घेतले होते, तिसऱ्यात 2-2, आणि एका सर्व्हिसनंतर दिमित्रोव छाती धरून खालीच बसला. स्नायू दुखावला होता, सामना सोडावा लागला. सिनर नेट ओलांडून त्याच्याकडे गेला, निघताना त्याची बॅगही त्याने उचलली. हा आपला विजय नव्हेच, असं तो नंतर स्वच्छ म्हणाला. नशिबाने मिळालेलं नशिबाचं म्हणणारा माणूस मला फार आवडतो.

काल मी खुर्चीतून उठले ती चौथ्या सेटला. सिनर 4-3 पुढे, सर्व्हिस त्याची, 15-40, म्हणजे अजून एक पॉइंट गेला की गेम अल्काराझचा. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्याच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येईना. समोर तोच अल्काराझ, ज्याच्याशी हा आधीचे लागोपाठ पाच सामने हरलेला. बरोबर पाच आठवड्यांपूर्वी पॅरिसला अशाच वळणावर सगळं निसटलं होतं. मी त्याचा चेहरा बघत होते. काही म्हणजे काही दिसेना. चेंडू आपटला, वर उडवला, मारला. एक ब्रेक पॉइंट वाचला, मग दुसरा वाचला. 5-3. माझे हात गार पडले होते, बाबा पांघरूण घेऊन झोपलेले, सांगायला घरात कुणी नाही.

शेवटी तो प्रेक्षकांतून वाट काढत आईवडिलांना भेटायला वर गेला. पॅरिसला त्याच्या आईचा चेहरा मला बघवत नव्हता, दर पॉइंटला ती हातात तोंड लपवायची. काल तिने त्याला मिठीत घेतलं आणि मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

पॅरिसचा स्कोअर मी जूनच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवला होता, तू बघितला असशील. कालचा त्याच्याखालीच लिहिलाय. पान फाडू नका म्हणून बाबांना बजावलंय.

आता सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपन. फायनल आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होते. त्या रविवारी येणार असशील तर आधी कळव, चहासाठी दूध जास्त घेऊन ठेवते.

तुझी,
आई