पक्षाघातानंतर आधी मूठ उघडायला शिकवा

मा. संपादक,
स.न.

पक्षाघाताचा रुग्ण घरी आला की त्याच्या हातात रबरी चेंडू दिला जातो आणि घरचे 'दाबा, अजून दाबा' म्हणत राहतात. पक्षाघातानंतर मूठ आवळणे बहुधा आधी जमू लागते. घोडे अडते ते मूठ उघडण्यापाशी. चेंडूने नेमका आवळण्याचाच सराव होतो.

वस्तू धरण्याची तयारी मेंदू बोटे टेकण्यापूर्वीच करतो. पेल्याकडे हात निघाला की मेंदूचा पॅरायटल (वरचा-मागचा) भाग डोळ्यांनी टिपलेला आकार हालचालींच्या केंद्रांना पुरवतो आणि बोटे हवेतच पेल्याच्या रुंदीहून थोडी जास्त फाकतात. पेल्यापर्यंत पोहोचण्याचा साधारण दोन-तृतीयांश वेळ उलटला की ती मिटू लागतात. पुढचे काम त्वचेचे. पेला किंचित निसटला तरी एक दशांश सेकंदाच्या आत पकड घट्ट होते, आपल्या लक्षातही येत नाही. संवेदना गेलेल्या हातात जोर असूनही कागदी कप चेपतो किंवा गळून पडतो, तो यामुळेच.

सरावासाठी रुग्णाला टेबलाशी बसवावे, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकलेला असावा. समोर वीतभर अंतरावर रिकामा, हलका पेला ठेवावा. बोटे उघडत नाहीत म्हणून रुग्ण मनगट खाली पाडतो. त्याने बोटे सैल होतात खरी, पण तशा मनगटाने पकडीत जोर येत नाही. मनगटाला खालून आधार देऊन ते किंचित वर ठेवावे. बोटे झटक्याने ओढून उघडू नयेत, ताठरपणा वाढतो. अंगठा तर्जनीपासून दूर झाला की मगच पेला धरू द्यावा, टेबलावर दुसरीकडे केलेल्या खुणेवर ठेवायला सांगावा आणि सोडायला वेळ द्यावा. सोडणे सर्वांत अवघड असते, तिथे घाई नको. हे जमल्यावर अर्धा पेला गार पाणी, नंतर कागदी कप. खांदा वर चढू लागला की थांबावे.

चांगला हात मोज्यात अडकवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याच्या उपचाराची अमेरिकेतील २२२ रुग्णांवरील चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्या उपचाराचा गुण आला, पण मनगट (वरच्या बाजूला), अंगठा आणि आणखी दोन बोटे निदान १० अंश तरी उघडणाऱ्यांनाच तिच्यात घेतले होते. कुणाच्या सांगण्यावरून घरी परस्पर हात बांधू नये.

रुग्णालयांना विनंती, की डिस्चार्जच्या कागदावर नुसते 'बॉल एक्सरसाइज' लिहू नये. मनगट व बोटे किती उघडतात ते मोजून नोंदवावे आणि घरच्या एका माणसाला हा सराव समोर करवून दाखवावा.

– काही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे